दोन किल्ल्यांचें कुलूप

आपल्या घरांतून पुस्तकाला जेवढा मान मिळतो, तेवढा दुसऱ्या एखाद्या निर्जीव वस्तूला क्वचितच मिळत असेल. चुकून पाय लागला तर आपण त्याला नमस्कार करतों. पोथी रुमालांत बांधलेली असावयाची, पाटावर ठेवलेली असावयाची, आणि हातपाय धुतल्यावांचून तिची गांठ सोडावयाची नाहीं, ही रीत आमच्या घरीं अजून पाळली जाते. हा संस्कार चांगला आहे. तो सोडावा असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु एखाद्या वस्तूला मान देणें आणि ती वापरणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. चांदीचें ताट मानाचें खरें, पण तें सणावारीं बाहेर येतें. रोजची आमटी साध्या पातेल्यांत शिजते आणि घराचें पोषण त्या पातेल्यावरच होतें. आपल्या शाळांतील पुस्तकांना हा चांदीच्या ताटाचा मान लाभला आहे, आणि त्यामुळेंच तीं मुलांच्या अंगीं लागत नाहींत, असें मला पुष्कळ वर्षें वाटत आलें आहे.

तालुक्याच्या गांवांतील एखाद्या शाळेंत सहज डोकावून पाहावें. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारीं, जिन्याखालीं, किंवा प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून चार-सहा कांचेचीं कपाटें उभीं असतात. आंत पुस्तकांच्या ओळी, पाठीवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या, आणि बाहेर कुलूप. हें कुलूप पाहिलें कीं आपण ग्रंथपालाला नांवें ठेवून मोकळे होतों. पण त्या कुलुपामागें एक नोंदवही असते, हें आपल्याला ठाऊक नसतें. प्रत्येक पुस्तक शाळेंत आलें कीं त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो पुस्तकावर आणि वहींत असा दोन्हीकडे लिहिला जातो. वर्षाअखेर त्या वहीबरहुकूम पुस्तकांची पडताळणी होते. जें पुस्तक जागेवर नाहीं, त्याचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. कोठें कोठें तर त्याची किंमत पगारांतून कापून घेण्याची भीतिहि घातली जाते. अशा माणसानें मोकळ्या हातानें पुस्तकें वांटावीं ही अपेक्षा म्हणजे, कोठीतल्या प्रत्येक लाडवाची किंमत आचाऱ्याकडून वसूल करावयाची आणि वर पंक्तींत त्यानें आग्रह करीत फिरावें असें म्हणावयाचें, अशांतला प्रकार झाला. वर्षभरांत एकहि पुस्तक हरवलें नाहीं, याचा अर्थ कित्येकदां एवढाच असतो कीं एकहि पुस्तक धड वाचलें गेलें नाहीं.

पुस्तकांचें कुलूप काढावें हा विचार आपल्याकडे कांहीं नवा नाहीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें आणि मुंबईचें १८९८ सालीं. पण त्या काळचा वाचक म्हणजे बहुधा प्रौढ पुरुष. मुलांच्या शिक्षणाची आणि ग्रंथालयांची सांगड घालण्याचें मोठें काम झालें तें बडोद्यास. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्यें तो सर्व संस्थानाला लागू केला. पण शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक राहिलें नाहीं, तर शिकलेलीं अक्षरें चार वर्षांत पुसून जातील, हें महाराजांनीं ओळखलें होतें. म्हणून १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून त्यांनीं संस्थानभर ग्रंथालयांचें जाळें विणावयास घेतलें. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोशीत असे. आणि पुष्कळ खेड्यांत या पुस्तकांची राखण कोणाकडे होती? गांवच्या शाळामास्तरांकडे. तेथें शिक्षक आणि ग्रंथपाल हीं एकाच माणसाचीं दोन नांवें होतीं. पुस्तक उघडून देणारा हात आणि मुलाची पाटी पाहणारा डोळा एकाचाच होता. पुढें शाळा मोठ्या झाल्या, कामें वांटलीं गेलीं, आणि त्या एका माणसाचीं दोन माणसें झालीं. यांत वाईट कांहींच नव्हतें. वाईट झालें तें एवढेंच, कीं हीं दोन माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं.

भारतांतील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन् हे मुळांत शिक्षक होते, ही गोष्ट मला नेहमीं अर्थपूर्ण वाटते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत ते गणित शिकवीत. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं आपले सुप्रसिद्ध पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांपैकीं दोन नियमांचा आशय असा, कीं वाचकाला त्याच्या जोगें पुस्तक मिळालें पाहिजे आणि पुस्तकालाहि त्याच्या जोगा वाचक मिळाला पाहिजे. वरवर पाहतां हे दोन्ही नियम एकच वाटतात. पण शाळेंत ते लावून पाहिले कीं निराळे होतात. कोणतें पुस्तक कशांत काय सांगतें हें ग्रंथपालाला ठाऊक असतें. कोणतें मूल कोठें अडलें आहे, कोणाच्या घरीं काय चाललें आहे, हें शिक्षकाला. बँकेंतील लॉकर जसा दोन किल्ल्यांनीं उघडतो, एक आपल्याजवळची आणि एक बँकेच्या माणसाजवळची, तसेंच हें कुलूप आहे. एकच किल्ली कितीहि फिरविली तरी तें उघडावयाचें नाहीं.

हें मला कोणा तज्ज्ञाच्या व्याख्यानांतून नव्हे, तर आमच्या स्वयंपाकघरांत बसून उमगलें. आमच्या घरीं दोन सुना आहेत. थोरली गांवांतील एका शाळेंत सातवीला मराठी शिकवते आणि त्याच वर्गाची वर्गशिक्षिकाहि आहे. धाकटीनें ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आहे. तिला त्याच शाळेंत अर्धवेळ ग्रंथपालाची जागा मिळाली. शाळेंत त्या एकमेकींना "मॅडम" म्हणतात आणि घराचा उंबरठा ओलांडला कीं धाकटी थोरलीला "वहिनी" म्हणूं लागते. गंमत अशी कीं, एकाच इमारतींत काम करूनहि या दोन मॅडमची शाळेंत कधीं गांठ पडत नसे. मधल्या सुटींत मुलें पुस्तकें बदलावयास येतात म्हणून धाकटी कपाटांपाशीं अडकलेली. आणि शिक्षकांनीं डबे उघडावयाची वेळ नेमकी तीच. आठवड्याला ग्रंथालयाचा एक तास वेळापत्रकांत छापलेला होता. पण कोणी शिक्षक रजेवर गेला, स्नेहसंमेलनाची तालीम निघाली, किंवा गणिताचा भाग मागें पडला, कीं पहिला बळी त्या तासाचा जाई. तो तास झालाच, तरी मुलें ग्रंथालयांत आणि बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकखोलींत, असा प्रकार. यांत दोष कोणा एकीचा नव्हता. वेळापत्रक आंखणाऱ्यालाच, या दोघींनीं भेटावें असें कधीं वाटलें नव्हतें.

गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका संध्याकाळीं दोघी घेवड्याच्या शेंगा मोडीत बसल्या होत्या. मी जवळच वाती वळीत होतें. बोलतां बोलतां धाकटी म्हणाली, "वहिनी, तुमच्या वर्गांतला एक मुलगा फार वाचतो हं! रोज मधल्या सुटींत येतो आणि पुस्तक बदलून नेतो. जूनपासून चाळीसएक पुस्तकं झालीं असतील त्याचीं."

थोरलीनें नांव विचारलें. नांव ऐकतांच तिचा हात थांबला.

"तो? अगं, त्याला वर्गांत वाचायला उभं केलं कीं कधीं घसा बसलेला असतो, कधीं पुस्तक घरीं राहिलेलं असतं. वाचलंच तर आधींच्या मुलानं नुकतंच वाचलेलं पाठ म्हटल्यासारखं म्हणतो. मी आपली समजत होतें, लाजाळू आहे पोरगा."

आतां थांबण्याची पाळी धाकटीची होती. ती हळूच म्हणाली, "आणि तो पुस्तक निवडत नाहीं, वहिनी. खालच्या फळीवरचं हाताला येईल तें उचलतो. नांवसुद्धां बघत नाहीं."

दोघी एकमेकींकडे पाहूं लागल्या. तो मुलगा पुस्तकें वाचीत नव्हता; त्याला वाचतांच येत नव्हतें. सुटे शब्द तो कसेबसे जुळवी, पण एक सलग परिच्छेद वाचून त्यांतला अर्थ सांगणें त्याच्या आवाक्याबाहेरचें होतें. बगलेंत रोज नवें पुस्तक असलें, कीं त्याला कोणी ढ म्हणत नसे. म्हणून तो तें नेई. धाकटीच्या नोंदवहींत तो शाळेंतला अव्वल वाचक होता. थोरलीच्या लेखीं तो एक लाजाळू मुलगा होता. दोन्ही नोंदी प्रामाणिक होत्या आणि दोन्ही अर्ध्या होत्या. त्या अर्ध्या नोंदी शेंगांच्या परातीभोवतीं एकत्र आल्या नसत्या, तर तो मुलगा तसाच पुस्तकें बदलीत दहावीपर्यंत गेला असता.

असा तो एकटाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. 'असर' या नांवानें जी शैक्षणिक पाहणी प्रसिद्ध होते, तिच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांत पांचवींतल्या मुलांपैकीं अवघ्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. उरलेलीं मुलें कोठें असतात? तीं शाळेंतच असतात, वरच्या वर्गांत जात असतात, आणि त्यांतलीं चतुर मुलें आपली अडचण झांकून ठेवावयास शिकतात.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दोघींचा बराच वाद झाला. थोरलीचें म्हणणें, दुसऱ्या दिवसापासूनच त्याला शाळा सुटल्यावर बसवून पहिलीचीं पुस्तकें वाचावयास लावावें. धाकटीला तें पटेना. "सर्वांदेखत त्याच्या हातांत पहिलीचं पुस्तक दिलंत, तर तो परवापासून ग्रंथालयाच्या दाराशींसुद्धां यायचा नाहीं," असें ती म्हणे. मुलाला वाचतां यावें हें जितकें खरें, तितकेंच त्याची अब्रू राखली जावी हेंहि खरें होतें. शेवटीं तोड निघाली ती अशी: सातवींतल्या दहा-बारा मुलांनीं आठवड्यांतून दोनदां, त्याच आवारांतल्या प्राथमिक शाळेंत जाऊन पहिलीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवावयाच्या. या दहा-बारांत तो मुलगा सहज घातला गेला. आतां त्याच्या हातांत मोठ्या अक्षरांचें, पानाला दोन ओळींचें चित्रमय पुस्तक दिसलें, तरी त्यांत कमीपणाचें कांहींच राहिलें नाहीं. तो तर धाकट्यांचा दादा होता. पुस्तकें निवडून देण्याचें काम धाकटीकडे, आणि आदल्या दोन दिवशीं सगळ्यांकडून मोठ्यानें वाचण्याचा सराव करून घेण्याचें काम थोरलीकडे. पहिलीचीं पोरें हें जगांतील सर्वांत दयाळू श्रोतृवृंद असतात. वाचणारा अडखळला, तर तीं हंसत नाहींत. चित्र नीट पाहावयास मिळालें म्हणून खूष होतात.

एकदां बोलणें सुरू झाल्यावर मग दोघींनीं सबंध वर्गासाठीं एक वाचन-उपक्रम आंखला. विषय ठरला 'पाणी'. कारण भूगोलांत तो होता, मराठीच्या पुस्तकांत होता, आणि उन्हाळ्यांत गांवांत टँकर येतो म्हणून मुलांच्या घरींहि होता. भूगोलाच्या सरांनीं उत्साहानें साथ दिली. थोरलीनें धाकटीला एक यादी करून दिली. ती यादी पुस्तकांची नव्हती, मुलांची होती. याचे वडील बोअर खणण्याच्या गाडीवर आहेत. हिची आजी अजून आडाचें पाणी शेंदते. याला माशांचा नाद आहे. हिच्या आजोबांचीं मेंढरें आहेत. ती यादी हातांत घेऊन धाकटी चार दिवस कपाटें धुंडाळीत होती. विहिरी, धरणें, मासे, दुष्काळ, नदीकांठचे पक्षी, पावसाच्या गोष्टी, अशीं पन्नासएक पुस्तकें निघालीं. त्यांतलीं कित्येक वर्षानुवर्षें कोणीं हातांत घेतलीं नव्हतीं. मेंढरें असलेल्या आजोबांच्या नातीला तिनें व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालीं निघालेली 'बनगरवाडी' दाखविली. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तराची आणि शेवटीं दुष्काळानें उठून गेलेल्या त्या वस्तीची ती कादंबरी सातवीच्या मुलीला जडच. पण "आजोबांना वाचून दाखव" असें सांगितल्यावर ती तिनें नेली, आणि त्या घरांत रोज रात्रीं वाचन सुरू झालें. हें पुस्तक त्या घरांत जावें, हें धाकटीला एकटीला सुचलें नसतें. कारण त्या मुलीच्या घरीं मेंढरें आहेत हें तिला ठाऊक नव्हतें. थोरलीलाहि सुचलें नसतें. कारण तें पुस्तक शाळेच्या कपाटांत आहे हें तिला ठाऊक नव्हतें.

पुस्तकें कपाटांतून निघून वर्गांतल्या एका टेबलावर आलीं. मराठीच्या तासाचीं पहिलीं पंधरा मिनिटें नुसत्या वाचनासाठीं ठेवलीं गेलीं. त्या वेळांत बाईंनींहि खुर्चीवर बसून आपलें पुस्तक वाचावयाचें, वह्या तपासावयाच्या नाहींत, असा नियम झाला. आठवड्यांतून एकदां धाकटी वर्गांत येऊन एका पुस्तकाची गोष्ट निम्म्यापर्यंत सांगे आणि तेथेंच थांबे. पुढचें ज्याला हवें त्यानें वाचावें! आमच्या लहानपणीं कीर्तनकार नेमके अशाच ठिकाणीं आख्यान थांबवून दुसऱ्या दिवशींचें आमंत्रण देत, युक्ति तीच. पुस्तक वाचून झाल्यावर सारांश लिहावयाचा नव्हता. पुस्तकानें मनांत उभा केलेला एक प्रश्न कार्डावर लिहावयाचा, आणि त्याचें उत्तर घरांतल्या वडील माणसाला विचारून आणावयाचें. गांवांतले बुजलेले आड, पूर्वीं नदीला पाणी किती महिने असे, नळ केव्हां आला, अशा पुष्कळ गोष्टी त्या निमित्तानें गोळा झाल्या आणि त्यांतून एक हस्तलिखित तयार झालें. अमळनेरच्या वसतिगृहांत शिक्षक असतांना साने गुरुजी मुलांसाठीं हातानें लिहिलेलें 'छात्रालय दैनिक' काढीत, त्या परंपरेंतलेंच हें लहानसें अंकुर म्हणावयाचें.

सगळें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. पहिली अडचण गुणांची. थोरली म्हणाली, गुण ठेवले नाहींत तर 'अभ्यास बुडतो' म्हणून पालक चिठ्ठ्या पाठवितील. आणि खरोखरच दोन चिठ्ठ्या आल्या. धाकटी म्हणाली, गुण ठेवले तर मुलें कपाटांतलें सर्वांत पातळ पुस्तक शोधतील. चार दिवस घरांत या प्रश्नावर अबोलाच होता म्हणा ना! शेवटीं असें ठरलें, कीं वाचनाला गुण नाहींत. पण मराठीच्या तोंडी परीक्षेंत मुलानें आपल्या आवडीच्या कोणत्याहि पुस्तकाविषयीं बोलावें. एखादें पुस्तक अर्ध्यावर सोडलें असेल, तर तें कां सोडलें हें सांगितलें तरी चालेल. मला ही तडजोड फार आवडली. नावडतें पुस्तक खालीं ठेवण्याचा अधिकार आपण मोठीं माणसें रोज वापरतों. मुलांना मात्र तो कोणी दिलेला नसतो.

दुसरी अडचण हरवलेल्या पुस्तकांची. मुलांनीं पुस्तकें घरीं नेलीं, गोठ्यांत नेलीं, मामाच्या गांवीं नेलीं. कित्येकांचीं पाठपोट सुटलीं. त्यावर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं दुरुस्तीचा तास निघाला. कणकेची खळ, जुन्या धोतराच्या पट्ट्या, दाभण, दोरा आणि पुठ्ठे घेऊन मुलें ओळीनें बसत. पुस्तक कसें शिवलेलें असतें हें त्यांना तेव्हां प्रथमच कळलें. तरी वर्षाअखेरच्या पडताळणींत नऊ पुस्तकें कमी भरलीं. तीन मागाहून सांपडलीं, सहा नाहींच. धाकटीच्या चेहऱ्यावरची काळजी आम्हीं सगळ्यांनीं पाहिली. अर्धवेळ पगार तो केवढा, आणि त्यांतून सहा पुस्तकांची वसुली! मुख्याध्यापकांनीं तीं सहा पुस्तकें 'वापरांत गहाळ' म्हणून शाळासमितीपुढें ठेवलीं आणि समितीनें तीं नोंदवहींतून कमी करण्यास मान्यता दिली. परंतु 'या वर्षापुरती' असे शब्द ठरावांत घालूनच. पुढच्या वर्षीं काय, हें कोणींच सांगितलें नाहीं. जोंवर शेंकडा चार-दोन पुस्तकें वापरांत जाणारच हें आपल्या शाळा मोकळेपणीं मान्य करीत नाहींत, तोंवर प्रत्येक ग्रंथपालाचा हात कुलपाकडे वळत राहणार. पायपुसणें झिजतें, खडू झिजतो, त्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. पुस्तक झिजलें तर मात्र गुन्हा होतो.

आतां त्या मुलाविषयीं. फेब्रुवारींत एके दिवशीं धाकटीनें आपल्या नोंदवहीच्या पानाचें छायाचित्र मोबाइलवर थोरलीला दाखविलें. त्यांत त्याच्या नांवापुढें एका साठ-सत्तर पानांच्या गोष्टीच्या पुस्तकाची नोंद होती. नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख यांत एकोणीस दिवसांचें अंतर होतें. जून महिन्यापासूनच्या नोंदींत, दुसऱ्या दिवशीं परत न आलेलें त्याचें तें पहिलें पुस्तक. एखाद्या परक्या माणसानें ती नोंद पाहिली असती, तर मुलाचें वाचन मंदावलें असेंच तो म्हणाला असता. आम्हां घरच्या माणसांना मात्र तिचा अर्थ ठाऊक होता. अजून तो अडखळतो. जोडाक्षरांशीं त्याची झटापट चालूच आहे. वर्षाच्या परीक्षेंत त्याला कांहीं फारसे गुण मिळाले नाहींत. पण तो आतां पुस्तक उचलण्यापूर्वीं त्याचें नांव वाचतो.

एका मुलाच्या गोष्टीवरून सिद्धांत काढूं नयेत, हें मला समजतें. पण असा अनुभव आमच्याच परातीभोवतीं आला असेंहि नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत कीथ करी लान्स आणि त्यांचे सहकारी यांनीं शालेय ग्रंथालयांच्या दोन पाहण्या केल्या. पहिली १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली, दुसरी २००० मध्यें. दुसऱ्या पाहणींत असें आढळलें, कीं जेथें ग्रंथपाल शिक्षकांबरोबर बसून पाठांची आंखणी करतात, तेथें मुलांचे वाचनाच्या परीक्षेंतले गुण अधिक असतात, आणि घरच्या सांपत्तिक स्थितीनें या फरकाचा पुरता उलगडा होत नाहीं. अशा पाहण्यांतून कारण आणि कार्य यांचा संबंध निर्विवाद ठरत नाहीं, हें खरें. तरी आमच्या घरीं जें दिसलें त्याच्याशीं तें जुळतें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे. हवी ती माहिती क्षणांत मिळते. मग कपाटें कशाला आणि ग्रंथपाल कशाला? पण मुलापुढें आज मजकुराचा तुटवडा नाहीं. पूर आलेल्या नदीकांठीं उभें राहून तहान भागत नाहीं, तशी त्याची अवस्था आहे. त्याला तांब्याभर स्वच्छ पाणी भरून देणारें माणूस हवें. आणि त्या माणसाला, हें मूल किती तहानेलें आहे हें सांगणारें दुसरें माणूस हवें.

आपल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें हें अर्धेंच ओळखलें. २००९ सालच्या त्या कायद्याच्या अनुसूचींत प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींचीं पुस्तकेंहि असावीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. ग्रंथालय सांगितलें, ग्रंथपाल सांगितला नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन पाळतात. त्या दिवशीं मुलें पुस्तकें हातांत धरून ओळींत बसतात, छायाचित्रें निघतात, आणि कित्येक ठिकाणीं १६ तारखेला पुस्तकें पुन्हां कपाटांत जातात. दिवस पाळणें सोपें. आठवड्याचा अर्धा तास पाळणें कठीण.

म्हणून या मासिकाच्या वाचकांना माझें एवढेंच सांगणें आहे. आपल्या घरांतून कोणी ना कोणी पालकसभेला जातोच. तेथें आपण गुणांविषयीं विचारतों, शिकवणीविषयीं विचारतों, बसच्या वेळेविषयीं विचारतों. त्यांबरोबर हेंहि विचारावें: ग्रंथालयाचा तास या महिन्यांत किती वेळां झाला? वर्गशिक्षिका आणि ग्रंथपाल एकत्र बसतात का? पुस्तक हरवलें तर भुर्दंड कोणावर? शाळेला पुस्तकें देणगी द्यावयाचीं असतील, तर गेल्या सालचीं गाइडें आणि वाळवी लागलेले गठ्ठे पाठवून पुण्य जोडूं नये; कोणत्या वर्गाला कशाची गरज आहे तें आधीं विचारावें. आणि घरांत आजी-आजोबा असतील, तर मुलानें आणलेलें पुस्तक त्यांना वाचून दाखवावयास सांगावें. ज्या घरांत ऐकणारें कोणी असतें, त्या घरांत वाचणारें मूल तयार होतें. एकत्र कुटुंबांत ऐकणाऱ्यांची वाण अजून तरी पडलेली नाहीं.

यंदा जून महिन्यांत शाळेचें नवें वेळापत्रक लागलें, तेव्हां थोरलीनें तें घरीं आणून मला दाखविलें. शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिलें आहे: 'वर्गशिक्षक व ग्रंथपाल: विचारविनिमय'. त्या वेळीं मुलें मैदानावर असतात. मुख्याध्यापक दोन वर्षांनीं निवृत्त होतील. पुढचे हा चौकोन ठेवतील कीं त्यांत गणिताचा जादा तास घालतील, सांगतां येत नाहीं. धाकटीची जागा अजून अर्धवेळच आहे, आणि शनिवारचा तो अर्धा तास तिच्या पगारांत धरलेला नाहीं. तरी ती थांबते. गेल्या शनिवारीं घरीं यावयास दोघींना उशीर झाला, म्हणून भाजी मींच चिरली.